लायसन्स बघून गेम कोण घेतं, बॉस?

शूज घेताना आपण ब्रँड बघतो, मोबाइल घेताना कॅमेरा बघतो आणि भाड्याचा फ्लॅट घेताना पाणी किती वाजता येतं ते विचारतो. पण गेम विकत घेताना त्याचं लायसन्स कुणी वाचतं का? 'आय ॲग्री'वर डोळे मिटून क्लिक करणारी आपली जमात, आपण कशाला वाचतोय!

तरीही २०२३ च्या जानेवारीत जगभरातल्या हजारो गेमर्सनी एका खेळाचं लायसन्स ओळ न् ओळ वाचलं, त्यावर कडाकडा भांडले आणि जेमतेम तीन आठवड्यांत एका बड्या कंपनीला माघार घ्यायला लावली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. लायसन्स खुलं असलं तर लोक गेम जास्त घेतात का? की हे सगळे वकिलांचे आणि पब्लिशर्सचे उद्योग, आपल्या खिशाशी त्याचा संबंध शून्य?

आजचा कॉलम त्यावर.

आधी बेसिक फंडा

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डीअँडडी. 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर २०१६ मधल्या पहिल्याच एपिसोडमधली ती चार पोरं आठवा. तळघरात टेबलाभोवती बसून, जीव खाऊन फासे टाकणारी. तोच हा खेळ. चार-पाच जणांचा ग्रुप जमतो. एक जण गोष्ट सांगतो, त्याला म्हणायचं डन्जन मास्टर, म्हणजेच डीएम. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी तलवारबाज. 'मी भिंतीवरून उडी मारते' असं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नंबर चांगला पडला तर भिंतीपलीकडे, नाहीतर थेट खंदकात. जिंकणं-हरणं असं फारसं नसतं. गोष्ट पुढे जात राहते, कधीकधी वर्षानुवर्षं.

आमचा ग्रुप शुक्रवारी रात्री भरतो. दोन आयटीवाले, एक सीए, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी. आठवडाभराच्या डेडलाइन्स विसरायला यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. स्वस्त म्हणजे, पुस्तकं विकत घेईपर्यंत स्वस्त! कारण या खेळात विकत घ्यायची गोष्ट म्हणजे नियमांची जाडजूड, रंगीत पुस्तकं. मुख्य पुस्तकं तीन, आणि एकेकाची अमेरिकेतली छापील किंमत पन्नास डॉलरच्या आसपास. म्हणजे आपले चार हजारांच्या वर. फ्रीलान्सरचा चेक कधी येतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा निर्णय किती सीरियस आहे ते वेगळं सांगायला नको.

रेसिपी कुणाच्या मालकीची?

डीअँडडी १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि टीएसआर या कंपनीने छापला. आता इथे एक गंमत आहे. अमेरिकन कायद्यात खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. ती ज्या शब्दांत लिहिलेली असते, त्या शब्दांवर मिळतो. म्हणजे पुरणपोळीसारखंच. पुरणपोळी कुणाच्या बापाची नाही, पण कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची पानं जशीच्या तशी छापून विकायला काढली तर नोटीस येणारच.

घोळ असा, की शेकडो पानांच्या नियमांमध्ये पद्धत कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात हे कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही. आणि दोन-तीन जणांची छोटी कंपनी कोर्टात जाऊच शकत नाही. १९९० च्या दशकात तर टीएसआर चाहत्यांनी हौसेने इंटरनेटवर टाकलेल्या साहित्यालाही हरकत घ्यायची. वर्षानुवर्षं पदरमोड करून खेळणाऱ्या लोकांनाच दम! पुढे कंपनी कर्जात बुडाली. १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने ती घेतली आणि १९९९ मध्ये खेळणीवाल्या 'हॅसब्रो'ने विझर्ड्सलाच विकत घेतलं.

व्हॉट्सॲपवाला फंडा

विझर्ड्समध्ये तेव्हा या खेळाचा धंदा रायन डॅन्सी बघायचे. त्यांचं डोकं वेगळं चाललं. लोक डीअँडडी का खेळतात? तो जगातला सर्वांत भारी खेळ आहे म्हणून नाही, तर तो खेळणारी माणसं सहज सापडतात म्हणून. आपण व्हॉट्सॲप का वापरतो? त्याहून चांगलं ॲप नाही म्हणून? छे, मावशीपासून बॉसपर्यंत सगळे त्यावर आहेत म्हणून! डॅन्सींचा तर्क असा, की बाकीच्या कंपन्यांनीही आपल्याच नियमांवर गोष्टी आणि पुस्तकं काढली तर आपल्या नियमांवर खेळणारे वाढतील, आणि शेवटी मुख्य पुस्तक घ्यायला ते आपल्याचकडे येतील.

म्हणून २००० मध्ये, तिसऱ्या आवृत्तीबरोबर, 'ओपन गेम लायसन्स' आलं. शॉर्टमध्ये ओजीएल. नियमांचा गाभा घ्या, बदला, छापा, विका, रॉयल्टी एक पैसा नको. त्याच्या जोडीला 'डी-ट्वेंटी' लोगोचं वेगळं लायसन्स होतं. लोगो लावायचा असेल तर पात्र कसं तयार करायचं, हे आपल्या पुस्तकात छापायचं नाही. त्यासाठी डीअँडडीचं 'प्लेअर्स हँडबुक' घ्या, असं सांगायचं. आहे की नाही डोकं? वाटलेल्या प्रत्येक फुकट गोष्टीच्या आत आपल्या पुस्तकाची जाहिरात!

झालं काय, तर अमेरिकेतल्या गेमच्या दुकानांत डी-ट्वेंटी पुस्तकांचा पूर आला. काही सॉलिड होती, बरीचशी टुकार. त्यात २००३ मध्ये विझर्ड्सने नियमांची सुधारित '३.५' आवृत्ती काढली आणि दुकानदारांच्या शेल्फवरचा माल एका फटक्यात शिळा झाला. लायसन्स खुलं होतं म्हणून पुस्तकं भरमसाठ आली, पण त्यातलं कुठलं घ्यावं हे लायसन्सने कुणाला सांगितलं नाही. ओपन लायसन्स म्हणजे काही आयएसआय मार्क नव्हे.

कपाटातली पुस्तकं

खरी परीक्षा २००८ मध्ये झाली. चौथी आवृत्ती आली, नियम पार बदलले आणि लायसन्सही. ओजीएलच्या जागी जास्त अटींचं नवं लायसन्स आलं. पण जुन्या नियमांवरचं ओजीएल होतं तसंच होतं. पायझो ही कंपनी २००७ पर्यंत डीअँडडीचीच मासिकं छापायची. तिने ते जुने नियम उचलले, डागडुजी केली आणि ऑगस्ट २००९ मध्ये 'पाथफाइंडर' नावाने स्वतःचा खेळ काढला. एकदम लीगल! २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या गेम-दुकानांच्या विक्रीच्या क्रमवारीत पाथफाइंडरने चक्क डीअँडडीला मागे टाकलं.

पाथफाइंडर घेणाऱ्यांनी लायसन्स वाचून तो घेतला का? माझं मत विचाराल तर नाही. त्यांच्या घरी कपाटभर जुनी पुस्तकं होती, अर्धवट राहिलेल्या गोष्टी होत्या आणि ते सगळं चालू ठेवणारा खेळ त्यांना हवा होता. लायसन्सने एवढंच केलं, की असा खेळ काढणं कुणालातरी शक्य झालं. कंपनीचा मूड बदलला म्हणून तुमचं कपाट रद्दीत जात नाही, ही खुल्या लायसन्सची सगळ्यांत मोठी कमाई. ती दुकानात उभं असताना दिसत नाही. आठ वर्षांनी दिसते.

आता दुसरी बाजूही बघू, कारण एकतर्फी बोलणं बरं नव्हे. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तेव्हा तिच्या नियमांसाठी खुलं लायसन्स नव्हतंच. ते जानेवारी २०१६ मध्ये मिळालं. मधल्या दीड वर्षात लोक थांबले का? अजिबात नाही, पुस्तकं मस्त खपली. प्राथमिक नियमांची पीडीएफ फुकट होती, २०१५ पासून 'क्रिटिकल रोल'वाले व्हॉइस आर्टिस्ट लाइव्ह खेळून दाखवायला लागले आणि मग स्ट्रेंजर थिंग्ज आली. नवा गिऱ्हाईक या वाटांनी आला. त्याला लायसन्स म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

म्हणजे स्कोअर एक-एक. आणि मग उजाडला २०२३ चा जानेवारी.

शब्द फिरवला की काय होतं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विझर्ड्सच्या नव्या लायसन्सचा मसुदा फुटला, ओजीएल १.१. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली, की वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. नफ्यावर नाही हं, विक्रीवर! पन्नास हजार डॉलरच्या वर कमावणाऱ्यांनी हिशेब कळवायचा. तुम्ही लिहिलेलं साहित्य कंपनीलाही वापरता येणार. आणि कहर म्हणजे, २००० पासूनचं जुनं ओजीएल यापुढे अधिकृत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आग लागली. कारण आम्ही लायसन्स बदललं तरी तुम्ही जुनंच वापरू शकता, असं विझर्ड्सनेच आपल्या प्रश्नोत्तरांत पूर्वी सांगितलेलं. त्या शब्दावर लोकांनी नोकऱ्या सोडून कंपन्या काढल्या होत्या. हॅसब्रोने २०२२ मध्ये सुमारे १४.६ कोटी डॉलरला घेतलेल्या 'डीअँडडी बियाँड' या ऑनलाइन सेवेची सबस्क्रिप्शन रद्द करायची मोहीमच सुरू झाली. विझर्ड्सने सुधारित मसुदा काढला आणि लोकांचं मत मागवलं, तर पंधरा हजारांवर उत्तरं आली. जुनं लायसन्स रद्द करण्यावर ८९ टक्के लोक नाराज होते. नव्या लायसन्सखाली आम्ही काही छापणार नाही, असं ८८ टक्क्यांनी सांगितलं.

पलीकडे पायझोने संधी साधली. कुणा एका कंपनीच्या हातात न राहणारं 'ओआरसी' हे लायसन्स तिने जाहीर केलं, दीड हजारांवर पब्लिशर्सनी पाठिंबा दिला. आणि आता आपल्या विषयाचा नंबर ऐका. पायझोने सांगितलं, की पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा आठ महिने पुरेल असा धरलेला साठा दोन आठवड्यांत संपला. आठ महिन्यांचा माल, दोन आठवड्यांत! यातली मजा अशी, की पाथफाइंडरचे सगळे नियम वेबसाइटवर अधिकृतपणे फुकट वाचायला मिळतात. तरीही लोकांनी पैसे मोजले. माझ्या मते ती नुसती खरेदी नव्हती, तो निषेधही होता आणि 'आता आमचं टेबल इकडे हलवतोय' हा निरोपही.

२७ जानेवारीला विझर्ड्सने सगळा प्लॅन मागे घेतला. जुनं ओजीएल कायम राहिलं, शिवाय पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'ॲट्रिब्यूशन ४.०' लायसन्सखाली देऊन टाकला. हे लायसन्स दिलं की परत घेता येत नाही.

पाकीट कुणाच्या हातात?

मग डीअँडडी बुडाला का? तर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा त्याच नियमांवरचा कॉम्प्युटर गेम तुफान चालला. २०२४ मध्ये आलेलं नवं 'प्लेअर्स हँडबुक' हे या खेळाच्या इतिहासातलं सगळ्यांत वेगाने खपलेलं पुस्तक आहे, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे चिडणारे चिडले आणि घेणारे घेत राहिले. मग लायसन्सचा परिणाम होतो की नाही?

याचं उत्तर मला विझर्ड्सच्याच एका माहितीत सापडलं. डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे राडा व्हायच्या महिनाभर आधी, कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की डीएम लोक खेळणाऱ्यांमध्ये जेमतेम २० टक्के आहेत, पण पैसे मोजणाऱ्यांत सगळ्यांत मोठा वाटा त्यांचाच आहे.

पटतंय का बघा. आमच्या ग्रुपमध्ये पाच जण, पण पुस्तकांचं कपाट एकाच्याच घरी, आमच्या डीएमच्या. बाकी आम्ही तिघांनी फाशांचे रंगीबेरंगी सेट घेतलेत आणि चौथा तेही उसने घेतो. गेल्या वर्षी आमची जुनी गोष्ट संपली. पुढे काय खेळायचं असा विषय निघाला, तर चौघांचं एकच उत्तर, 'तू ठरव ना यार!' आणि तो ठरवताना काय बघत होता? तयार गोष्टी किती मिळतात. ऑनलाइन टूल्स चांगली आहेत का. स्वतः लिहिलेली गोष्ट उद्या पीडीएफ करून विकावीशी वाटली तर चालेल का. 'लायसन्स' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. पण त्याच्या तीनही प्रश्नांची उत्तरं लायसन्सवरच ठरतात.

म्हणून माझं म्हणणं असं. खेळाडू लायसन्स विकत घेत नाही. तो आपला ग्रुप जे खेळतो ते घेतो. ग्रुप काय खेळणार ते डीएम ठरवतो, आणि डीएमला लागणारा माल कोण बनवू शकतं ते लायसन्स ठरवतं. ही साखळी लांब आहे, म्हणून बिलावर दिसत नाही. दिसते फक्त कंपनीने दिलेला शब्द फिरवला की. खुलं लायसन्स आणल्याने एका रात्रीत विक्री वाढत नाही, पण ते काढून घेतल्यावर कंपनीचं सगळ्यांत जास्त पैसे खर्चणारं गिऱ्हाईक दोन आठवड्यांत शेजारच्या दुकानात जाऊ शकतं. बाकीचं टेबल हळूहळू त्याच्यामागे जातं, कारण गोष्ट सांगणाराच उठून गेल्यावर तिथे बसून करणार काय?

मग आपण काय करायचं?

चार हजार मोजण्याआधी दोन-तीन गोष्टी करा. एक, नियमांचा गाभा फुकट आणि कायदेशीर मिळतो, तो आधी डाउनलोड करा आणि एक शुक्रवार खेळून बघा. आवडला तर पुस्तक घ्या. चित्रं, तयार गोष्टी आणि हातात धरायचं सुख यासाठी ते घेण्यासारखं असतंच. दोन, पाच जणांनी पाच पुस्तकं घेऊ नका. वर्गणी काढा आणि डीएमला घेऊन द्या, बिचारा आयुष्यभर दुवा देईल. तीन, खेळ नवा असेल तर एकच प्रश्न विचारा. ही कंपनी उद्या बंद पडली किंवा फिरली, तर या खेळासाठी दुसरं कुणी काही बनवू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर तुमचे पैसे आणि तुमचे शुक्रवार, दोन्ही जरा जास्त सेफ.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. क्रिएटिव्ह कॉमन्समुळे ते नियम आता कुणालाही कुठल्याही भाषेत आणता येतात आणि विकताही येतात. मूळ श्रेय नीट द्यायचं, एवढीच मुख्य अट. डीअँडडीचा लोगो मात्र वापरता येणार नाही, तो कंपनीचाच. २०२५ मध्ये नव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभाही त्याच लायसन्सखाली आला. म्हणजे सह्याद्रीतला एखादा किल्ला, पिंपळावरचा मुंजा, वेशीबाहेरचा वेताळ आणि अस्सल मराठीत लिहिलेलं नियमांचं पुस्तक, हे सगळं करायला अमेरिकेतल्या कुठल्याही ऑफिसची परवानगी लागत नाही. आणि उद्या त्या ऑफिसातलं कुणी मत बदललं, तरी ते पुस्तक बाजारातून काढून घेता येणार नाही.

असं पुस्तक कुणी काढलं तर मला नक्की कळवा. लायसन्स न वाचता घेईन, प्रॉमिस!